गोव्याचे राजकारण आणि वृत्तपत्रे: सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठी पहिला माहितीपट कसा करावा

राजकारण आणि बातमीदारी यांवरचा माहितीपट फायलीपासून सुरू करावा. कॅमेरा आधी बाहेर काढला की चार मुलाखती हाताशी येतात, चौघे चार गोष्टी सांगतात आणि कोणाचे म्हणणे कशावर टेकते हे संकलनाच्या टेबलावरही कळत नाही. सार्वजनिक वाहिनी लोकांच्या पैशावर चालते. तिथे 'असे म्हणतात' एवढ्यावर भागत नाही, भागू नयेही.

इथे दोन-तीन माणसे, एक कॅमेरा आणि अर्ध्या तासाच्या जागेसाठी २६ मिनिटांचा माहितीपट एवढा आवाका धरला आहे. वेळ पाच ते सहा महिने, त्यातला निम्मा कागद शोधण्यात जातो.

पहिली पायरी: विषयाचा प्रश्न करा

'गोव्यातील वृत्तपत्रे' हा विषय झाला, आणि २६ मिनिटांत तो संपत नाही. 'जनमत कौलात मराठीतलीच दोन दैनिके समोरासमोर का उभी राहिली, आणि त्यांनी वाचकाला काय सांगितले?' हा प्रश्न झाला. पुढे सगळीकडे हेच उदाहरण घेतले आहे, कारण नवोदिताला लागणारे सगळे त्यात आहे.

महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) राहायचे, या जनमत कौलासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने मतदान केले. विलीनीकरणाची खूण फूल, संघप्रदेश राहण्याची खूण दोन पाने. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१. १९६२ साली पणजीत सुरू झालेला 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूचा. १९६३ साली मडगावात निघालेला 'राष्ट्रमत' विरोधातला. दोन्ही मराठी. भाषा एक म्हणजे भूमिका एक, हा बाहेरच्या प्रेक्षकाचा समज इथे पहिल्या पाच मिनिटांत मोडतो, आणि माहितीपटाला तिथूनच बळ मिळते.

प्रश्न पक्का करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. लेखी पुरावा उपलब्ध आहे का? प्रत्यक्ष पाहिलेली किमान दोन माणसे बोलायला तयार आहेत का? पडद्यावर दाखवण्यासारखे काही आहे का? तिन्हींपैकी एक जरी नसेल तर प्रश्न बदला. आणि एक सावधगिरी: गोव्यात हा विषय बघता बघता मराठी विरुद्ध कोकणी या वादाकडे घसरतो. तुमचा प्रश्न वृत्तपत्रांनी काय केले हा असेल तर तोच धरून राहा. भाषावादावर स्वतंत्र माहितीपट होऊ शकतो, व्हायलाही हवा.

दुसरी पायरी: पेन घेऊन पाहा

बीबीसीचा 'पॅनोरमा' १९५३ पासून आणि अमेरिकेतील सार्वजनिक वाहिनी पीबीएसचा 'फ्रंटलाइन' १९८३ पासून चालू आहे. दोन्ही चालू घडामोडींवरच्या माहितीपटांच्या मालिका. कोणताही एक भाग घ्या, वहीत चार रकाने आखा: वेळ, चित्र, कोण बोलते आहे, पुरावा काय. पहिल्यांदा आवाज बंद करून पाहा. चित्र नुसते भरीला घातले आहे की त्यातून काही कळते, ते लगेच दिसते. दुसऱ्यांदा आवाजासकट पाहून रकाने भरा. 'फ्रंटलाइन' बऱ्याच मुलाखतींची पूर्ण लिखित प्रत आपल्या संकेतस्थळावर ठेवते. लांबलचक मुलाखतीतून कोणते दीड मिनिट उचलले आणि काय सोडले, हे ती प्रत समोर ठेवून ताडून बघा. संपादनाचा एवढा चांगला धडा फुकटात दुसरीकडे मिळत नाही.

तिसरी पायरी: ग्रंथालयात बसा

पणजीत पाटो येथे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली स्थापन झालेले हे देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. जुनी वृत्तपत्रे शोधायची सुरुवात इथून करावी. आधी लेखी अर्ज द्या: कोणते दैनिक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, छायाचित्रे घ्यायची आहेत की फक्त वाचायचे आहे, आणि कशासाठी. नुसते 'जुने पेपर बघायचे आहेत' असे सांगणाऱ्याला कर्मचारी मदत करू शकत नाहीत.

कालावधी आखून घ्या. जनमत कौलासाठी १ डिसेंबर १९६६ ते ३१ जानेवारी १९६७ पुरे होतो. डिसेंबरातच मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले, म्हणून सुरुवात तिथून. दोन महिने, दोन दैनिके, म्हणजे सुमारे १२० अंक. प्रत्येकाचे पहिले पान, अग्रलेख आणि वाचकांची पत्रे पाहायला पाच मिनिटे धरली तरी दहा तास होतात. छायाचित्रांसकट पूर्ण तीन दिवस राखून ठेवा.

पानाचे छायाचित्र घेण्याची एक रीत आहे आणि ती पाळली नाही तर पुन्हा फेरी पडते. खंड उघडला की प्रथम शीर्षपट्टी आणि तारीख एका चौकटीत घ्या, मग पृष्ठ क्रमांक दिसेल असे पूर्ण पान, आणि शेवटी हवी ती बातमी. याच क्रमाने घेतले तर चार महिन्यांनी कात्रण कोणत्या दिवसाचे हे शोधत बसावे लागत नाही. फ्लॅश वापरू नका. प्रकाश दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांतून पडू द्या, म्हणजे कागदाची चमक लेन्समध्ये येत नाही. बांधीव खंडात आतल्या शिलाईकडचा रकाना वळतो आणि ओळी वाकड्या दिसतात. अशा वेळी खंड जबरदस्तीने सपाट दाबू नका, त्या काळचा कागद कडेला तुकड्या-तुकड्यांनी सुटतो. उघडलेल्या बाजूखाली फोम किंवा घडी घातलेला टॉवेल ठेवा आणि कॅमेरा पानाला समांतर करा. बातमीतले छोटे अक्षर वाचता येते का, हे तिथेच मोठे करून पाहा.

वाचताना फक्त बातम्या बघू नका. जाहिराती कोणाच्या आहेत, सभेची बातमी कितव्या पानावर आहे, विरोधकाच्या सभेला किती ओळी मिळाल्या, हेही टिपा. वृत्तपत्राची भूमिका अग्रलेखात उघड असते. पानाच्या मांडणीत ती जास्त खरी दिसते.

मालकीचा कागदही याच टप्प्यावर काढा. 'गोमन्तक' चौगुले समूहाने काढला, इंग्रजी दैनिक 'नवहिंद टाइम्स' डेंपो समूहाने. दोन्ही घराणी खाण व्यवसायातली. 'गोमन्तक' पुढे सकाळ समूहाकडे गेला. ही माहिती प्रेक्षकाला सांगायची असते. पण 'मालक खाणवाले, म्हणून बातमी अशी' हा निष्कर्ष त्यातून आपोआप निघत नाही. तो काढायचा तर विशिष्ट बातमी, विशिष्ट तारीख आणि आतल्या माणसाची साक्ष हवी.

आजच्या काळावर काम करत असाल तर माहिती अधिकार कायदा, २००५ वापरा. माहिती व प्रसिद्धी खात्याकडे अर्ज करून गेल्या तीन आर्थिक वर्षांत कोणत्या वृत्तपत्राला सरकारी जाहिरातींचे किती रुपये दिले, याचा वर्षवार आणि वृत्तपत्रवार तक्ता मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'का दिले' असे विचारू नका. कायद्याने नोंदी मिळतात, कारणमीमांसा मिळत नाही, आणि त्या एका शब्दापायी अख्खा अर्ज फेटाळला जाऊ शकतो. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करा. या वाटेला तीन महिने लागतील असे धरूनच वेळापत्रक आखा.

चौथी पायरी: पुराव्याची नोंदवही

साधी स्प्रेडशीट चालते. रकाने असे: विधान, पहिला पुरावा, दुसरा, स्वतंत्र पुरावा, मूळ कागद कुठे आहे (ग्रंथालय, खंड, तारीख, पान), वापराचा हक्क कोणाकडे, माहितीपटात कितव्या मिनिटाला येते. निवेदनातले प्रत्येक वाक्य इथे एका ओळीत बसले पाहिजे.

दुसरा पुरावा स्वतंत्र आहे ना, हे बघणे सर्वांत महत्त्वाचे. एकाच वृत्तसंस्थेची बातमी तीन दैनिकांत आली तर तो एकच पुरावा. निवृत्त वार्ताहराने जे सांगितले तेच त्याच्या आठवणींच्या लेखात असेल तर तोही एकच. आकडे सरकारी प्रकाशनातून घ्या, कात्रणातून नको. निकालाच्या रात्रीचा आकडा आणि अंतिम आकडा वेगळे असू शकतात.

पाचवी पायरी: हलते चित्र कुठून आणाल

नवीन माणूस १९६७ च्या गोव्याचे टीव्ही फुटेज शोधण्यात आठवडे घालवतो. ते नाही. दूरदर्शन दिल्लीत १९५९ साली सुरू झाले आणि मुंबईत १९७२ साली. गोव्यात त्या काळी टीव्हीच नव्हता. त्या वर्षांसाठी वृत्तचित्रे बघावीत. फिल्म्स डिव्हिजन १९४८ पासून ती काढत असे; २०२२ साली ती संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, तेव्हा विचारणा तिकडे करावी. राजभाषा कायदा (फेब्रुवारी १९८७) किंवा घटकराज्याचा दर्जा (३० मे १९८७) असा नंतरचा काळ असेल तर प्रसार भारतीच्या संग्रहाला पत्र लिहा. पत्रात तारीख, ठिकाण आणि घटना नेमकी हवी. 'गोव्याचे जुने फुटेज' या मागणीवर कोणालाच काही शोधता येत नाही.

एक चूक फार होते: १९६१ च्या मुक्तीचे चित्रण १९६७ च्या निवेदनाखाली घालणे. गर्दी तीच, झेंडे तेच, कोणाला कळणार, असे वाटते. पेडण्यातल्या किंवा सासष्टीतल्या एखाद्या जाणत्या प्रेक्षकाला कळते, आणि मग त्याचा बाकीच्या २५ मिनिटांवरही विश्वास राहत नाही. चित्र नसेल तर वृत्तपत्राचे पान दाखवा किंवा त्या मैदानाचे आजचे चित्रण घेऊन तसे लिहा.

हक्कांबाबत: निनावी मजकुराचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, नावानिशी लिहिलेल्या लेखाचा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. समीक्षेसाठी छोटा उतारा दाखवायची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवून पूर्ण छायाचित्रे किंवा व्यंगचित्रे वापरू नका. लेखी परवानगी घ्या.

सहावी पायरी: माणसे

संपादक आणि पुढारी यांच्याकडे सगळेच जातात. जुळारी (छपाईचे खिळे जुळवणारा), मुद्रितशोधक, पहाटे बसवर गठ्ठे चढवणारा एजंट, तालुक्याचा अर्धवेळ वार्ताहर यांच्याकडेही जा. कोणती बातमी रात्री अकरा वाजता पानावरून काढली, हे खिळे जुळवणाऱ्याला आठवते. ही पिढी वयाने थकली आहे, म्हणून वेळापत्रकात त्यांच्या मुलाखती सर्वांत आधी ठेवा. बाकी सगळे थांबू शकते.

वयस्कर माणसाला कॅमेऱ्याशिवाय एकदा भेटा. सोबत त्या काळच्या पानाची मोठी छपाई न्या. 'तुम्हाला काय आठवते?' यापेक्षा 'हे पान तुमच्या पाळीत लागले होते का?' या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते. आठवण आणि कागद यांत तफावत आली तर माणसाला खोटे पाडू नका. पान दाखवा, त्याचे स्पष्टीकरण नोंदवा, दोन्ही ठेवा. माणूस कोकणीत बोलत असेल तर कोकणीतच बोलू द्या. कॅमेरा बघून शुद्ध मराठी काढायला लागलेला माणूस अर्धे सांगायचे विसरतो. संमतिपत्र त्याला कळेल त्या भाषेत असावे आणि सही चित्रीकरणाच्या दिवशीच घ्यावी.

राजकारणी व्यक्तीला विषय कळवा, प्रश्नांची यादी देऊ नका. अर्धा तास ठरला असला तरी हातात बारा मिनिटे येतील असे धरा. अत्यावश्यक तीन प्रश्न तिसऱ्या मिनिटाच्या आत सुरू झाले पाहिजेत. पीए मध्येच 'हे कापा' म्हणाला तर वाद घालू नका, आश्वासनही देऊ नका.

सातवी पायरी: चित्रीकरण

कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. शटर वेगळे ठेवले तर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर, बोलण्याची शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास. पंखा आणि फ्रिज बंद करा. फ्रिज परत चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली त्यातच ठेवा.

जून ते सप्टेंबर गोव्यात मुलाखती लावणे टाळा. कौलांवर किंवा पत्र्यावर पाऊस लागला की आवाज वाचत नाही, आणि तो पुढे गाळूनही जात नाही. दमटपणात लेन्सला बुरशी लागते, म्हणून पेटीत सिलिका जेल ठेवा आणि ते महिन्याला बदला. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट अंगणात काढला की काचेवर दव धरते. बॅगेत बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेला रुळू द्या. प्रत्येक मुलाखतीनंतर सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची एक मिनिट शांतता ध्वनिमुद्रित करा. संकलनात सांधे बुजवायला तीच लागते.

ड्रोन उडवण्यापूर्वी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा डिजिटल स्काय नकाशा पाहा. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, मोपाला दुसरा विमानतळ आहे, त्यामुळे गोव्याचा मोठा भाग निर्बंधाखाली येतो. या विषयाला ड्रोनची गरज मुळात क्वचित पडते.

त्याच संध्याकाळी कार्डाच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर काढा आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा.

आठवी पायरी: संकलन

आधी मुलाखती शब्दशः उतरवा. एक तासाच्या मुलाखतीला पाच-सहा तास लागतात, सरमिसळ बोलीला त्याहून जास्त. मग कागदावरच जुळवणी करा आणि शेवटी सॉफ्टवेअर उघडा. २६ मिनिटांत निवेदन दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, म्हणजे सुमारे हजार-अकराशे शब्द. जे पानावर दिसते आहे ते निवेदनात पुन्हा सांगू नका.

वृत्तपत्राचे पान पडद्यावर आले की प्रेक्षकाला ते वाचू द्या. आठ शब्दांच्या मथळ्याला पाच सेकंद हवीत. पूर्ण पान, मग शीर्षपट्टी व तारीख, मग मथळा असा क्रम ठेवा. फक्त मथळा कापून दाखवला तर बातमी पहिल्या पानावर होती की सातव्या, हे कळत नाही, आणि या विषयात तीच तर माहिती असते. दोन दैनिकांची तुलना करताना एकाच तारखेची पाने शेजारी ठेवा. एकाचा अग्रलेख आणि दुसऱ्याची वाचकपत्रे अशी जोडी लावू नका.

उपशीर्षके दोन ओळींची, ओळीला ४० अक्षरांच्या आत. काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. मजकुराच्या सेटिंगमध्ये 'साउथ एशियन' किंवा 'वर्ल्ड रेडी' हा पर्याय निवडला की ते सुधारते. कोकणी बोलण्यावर मराठी आवाज चढवू नका, उपशीर्षके द्या.

नववी पायरी: उत्तराची संधी आणि कायदा

ज्याच्यावर टीका आहे, मग तो पुढारी असो वा वृत्तपत्र, त्याला लेखी कळवा: माहितीपटात तुमच्याबद्दल नेमके काय म्हटले आहे, आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवे. सात कामाचे दिवस वाजवी होतात. उत्तर आले तर त्याचा गाभा दाखवा. आले नाही तर तसे पडद्यावर लिहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीचा गुन्हा आहे. नोंदवही आणि हा पत्रव्यवहार हाच तुमचा बचाव. मुलाखत देणाऱ्याने केलेला आरोप 'तो म्हणाला' म्हणून तुमच्या अंगाबाहेर जात नाही. तो दाखवायचा निर्णय तुमचा आहे.

मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत निवडणुकीवर प्रभाव टाकणारा मजकूर दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ ने मनाई आहे. गोव्यात २०१७ आणि २०२२ साली विधानसभेची मतदाने फेब्रुवारीत झाली. निवडणुकीच्या वर्षी राजकीय माहितीपट जानेवारीत द्यायला गेलात तर तो महिनोन्महिने पडून राहील.

दहावी पायरी: वाहिनीपर्यंत

पणजीचे दूरदर्शन केंद्र आल्तिनो टेकडीवर आहे. प्रस्ताव तयार माहितीपट घेऊन नव्हे, तर नोंदवही अर्धी भरल्यावर न्यावा. दोन पानांचा सारांश, मुलाखतींची यादी, संग्रहातील साहित्याची यादी आणि हक्कांची स्थिती, अंदाजपत्रक, आणि पाच मिनिटांचा नमुना. प्रसार भारतीच्या योजना वेळोवेळी बदलतात, म्हणून तेव्हाची अधिकृत सूचना वाचूनच अर्ज करा. केंद्राकडून तांत्रिक पत्रिका आधी मागून घ्या. टीव्हीसाठी आवाजाची पातळी बहुधा उणे २३ एलयूएफएस मागतात. यूट्यूबसाठी मिसळलेला आवाज यापेक्षा चढा असतो आणि फाइल परत येते.

प्रस्ताव नाकारला गेला तर कारण लेखी मागा. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. आनंद पटवर्धन यांचा माहितीपट दाखवायला दूरदर्शनने नकार दिला होता. २००६ साली याच न्यायालयाने तो दाखवण्याचा आदेश कायम ठेवला. प्रत्येक नकार कोर्टात नेण्यासारखा नसतो, पण लेखी कारण हाती असले की कोणती दुरुस्ती करायची आणि कोणती नाही हे ठरवता येते. तथ्याची चूक दाखवली तर त्याच दिवशी दुरुस्त करा. 'सूर सौम्य करा' म्हटले तर कोणत्या वाक्यात आणि का, असे विचारा, आणि नोंदवहीतली ती ओळ त्यांच्यासमोर ठेवा.

न कापलेल्या मुलाखतींची एक प्रत, संमतिपत्रांसह, मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊ करा. संमतिपत्रात तशी ओळ सुरुवातीलाच घातली असेल तर पुन्हा दारोदार सह्यांसाठी फिरावे लागत नाही.